इंद्रायणीचीही वारी



वारकऱ्याचे सारे साधन पायांत आहे. कोणी आसन घालून साधन करील, कोणी गुहेत बसून करील. आपले साधन चालता चालता होते. मुखी नाम, हाती टाळ आणि पायाखाली वाट, एवढ्यावर आपल्या वाडवडिलांचा परमार्थ झाला. तेव्हा वारकऱ्याने आपल्या पावलाचा विचार करावा, हे सांगायला वेगळा आधार नको. तरी आधार पाहिजेच असेल तर तो श्रीज्ञानेश्वरीत आहे, आणि तोच आज निरूपणाला घेतो.

गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाची लक्षणे सांगितली. त्यांतल्या पहिल्याच श्लोकात अहिंसा आणि शौच ही दोन्ही लक्षणे आली आहेत. अहिंसेवर माउलींनी फार विस्ताराने लिहिले, आणि त्यात अहिंसक पुरुष चालतो कसा याचे चित्र काढले आहे. पाण्यात उभा असलेला बगळा लाट न मोडता पाऊल टाकतो, भुंगा कमळाच्या केसरांना धक्का लागू नये म्हणून हलकेच बसतो, तसा तो पुरुष भूमीवर चालतो. पायाखाली बारीक जीव आहेत हे जाणून तो आपले पाऊल जणू करुणेतच लपवतो. आता शौच. तेथे माउलींनी कापराचा दृष्टान्त दिला. कापूर वरून पांढरा आणि आतून काळा असे कधी होत नाही. जसा बाहेर तसा आत. ज्याचे अंग आणि मन दोन्ही तसे, तो शुचिर्भूत.

ही ओवी आपण सप्ताहात वाचतो, पारायणात वाचतो, माना डोलावतो. आणि आषाढात वाटेला लागलो म्हणजे तीच ओवी आपल्या पायाला विचारते, बाबा रे, तू चाललास खरा, पण तुझ्या मागे काय राहिले? चालणाऱ्याची परीक्षा त्याच्या मागे होत असते. पुढे तर सगळ्यांच्याच पताका असतात.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. आळंदीहून पंढरीला आपण एकटेच जात नाही. आपल्याबरोबर इंद्रायणीही जाते. ही माय लोणावळ्याच्या बाजूला डोंगरात उगम पावते, देहूला तुकोबारायांच्या अंगणातून जाते, आळंदीला माउलींच्या पायाशी येते आणि पुढे तुळापूरला भीमेला मिळते. भीमेला खाली रांजणगाव सांडसजवळ मुळामुठा येऊन मिळते. मग ते सारे पाणी उजनीच्या धरणात साठते. हे धरण १९८० साली पूर्ण झाले. धरणाखाली नीरा-नरसिंगपूरला नीरामाई येऊन मिळते, म्हणजे वाल्ह्याहून लोणंदला जाताना जिच्या पाण्यात माउलींच्या पादुकांना स्नान घडते तीच नीरा. आणि हा सगळा परिवार घेऊन भीमा पंढरीला पोहोचते, चंद्रकोरीसारखी वळते आणि चंद्रभागा हे नाव घेते.

बघा, आपली दिंडी दिवेघाटाने गेली, इंद्रायणीची दिंडी तुळापुरावरून गेली. मुक्काम दोघांचा एकच. मग आळंदीला आपण तिच्या पदरात जे टाकले ते कोठे जाणार? कपडे धुतले त्याचा साबण, पूजेचे निर्माल्य, खरकटे, प्लॅस्टिकची पिशवी, आणि जे लिहायलाही संकोच वाटतो ते. काही वाटेत कुजेल, काही काठाला अडकेल, काही धरणाच्या तळाशी गाळात बसेल. जे पाण्यात विरघळले ते मात्र पाण्याच्या वाटेने खालीच उतरणार, आणि खाली पंढरी आहे. ज्या पाण्यात आपण एकादशीला बुडी मारतो आणि जे तीर्थ म्हणून तोंडात घेतो, त्या पाण्याची ही वाट आहे. पुष्कळदा वारीतल्या स्नानासाठी उजनीतूनच पाणी सोडावे लागते, हे आपण जाणतोच.

अलीकडच्या वर्षांत इंद्रायणीवर आळंदीला पांढरा फेस आलेला तुम्ही पाहिला असेल. परगावचा एखादा भाविक त्यालाच दुधाची धार समजून हात जोडतो. अहो, तो दुधाचा फेस नव्हे. घराघरांतला साबण, धुण्याची पावडर, कारखान्यांतले सांडपाणी शुद्ध न होता नदीत आले आणि बांधावरून पडताना घुसळले गेले म्हणजे तो फेस येतो. मैल्याच्या पाण्याला खत म्हणून घेऊन जलपर्णी माजते आणि पात्र झाकून टाकते. पाण्यातली घाण कुजताना पाण्यात विरलेला प्राणवायू खाऊन टाकते, आणि मासा गुदमरून मरतो. नदीत मासा मरतो म्हणजे तिचा श्वास कोंडला असे समजावे.

या इंद्रायणीचे आपल्यावर ऋण केवढे आहे! तुकोबारायांच्या वह्या तिच्यात बुडवल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, अशी आपली श्रद्धा आहे. आज घरोघरी गाथा आहे ती तिने परत दिली म्हणून आहे. आपण तिच्या हवाली जे केले ते तिने सांभाळून परत केले. आज तिच्या हवाली आपण काय करतो आहोत, याचा विचार देहूच्या घाटावर उभे राहून एकदा ज्याने त्याने करावा.

येथे काही शंका निघतात. शंका काढलेल्या बऱ्या, कारण मनात ठेवलेली शंका कीर्तन संपल्यावर चपला घालताना बोलते.

पहिली शंका अशी की, "महाराज, नदी ही पापहारिणी. जी जन्मोजन्मींचे पाप धुते तिला आमच्या चार चिंध्यांचा आणि चिमूटभर साबणाचा कसला विटाळ?" शंका भक्तीच्या पोटातून आली आहे, म्हणून तिचे उत्तर शास्त्रानेच द्यावे. कृष्णयजुर्वेदाच्या तैत्तिरीय आरण्यकात, पहिल्याच प्रपाठकात, पाण्यासंबंधीचे व्रत सांगितले आहे. पाण्यात मलमूत्र विसर्जन करू नये, पाण्यात थुंकू नये, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. ज्या ऋषींनी पाण्याला देवता म्हटले त्यांनीच हे म्हटले. नदीच्या पावित्र्याने तिला काही होत नाही असे त्यांना वाटले असते तर निषेध सांगण्याचे कारणच नव्हते. पाण्याला देवता मानले म्हणूनच निषेध आला. पाप आणि मळ या दोन निराळ्या वस्तू आहेत. पाप श्रद्धेने, अनुतापाने, नामाने जाते. मळ नामाने जात नाही, तो हाताने काढावा लागतो. आई लेकराचे अपराध पोटात घालते हे खरे. म्हणून लेकराने आईच्या ताटात माती कालवावी काय?

दुसरी शंका जरा व्यवहारी आहे. "आम्ही आळंदीत दोन दिवस, पंढरीत चार दिवस. शहरांचे सांडपाणी बारा महिने वाहते. मग दोष आमच्या माथी का?" हे म्हणणे खोटे नाही, आणि ते नाकारायचेही नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या शहरांतून रोज कोट्यवधी लिटर सांडपाणी निघते, त्यातले पुरते शुद्ध न झालेले नदीतच जाते. त्यापुढे वारकऱ्याची पिशवी लहान आहे. नद्यांच्या शुद्धीचा मोठा भार नगरपालिकांवर, कारखान्यांवर आणि सरकारवर आहे, आणि तो त्यांनी उचललाच पाहिजे. चंद्रभागेच्या शुद्धीसाठी शासनाने २०१६ साली 'नमामि चंद्रभागा' ही योजना जाहीर केली. ती कोठवर आली हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक वारकऱ्याला आहे.

पण विचारायला तोंड लागते. वाळवंटात पत्रावळी टाकून उठलेला माणूस कारखानदाराला काय विचारणार? ज्या दिवशी दिंडी आपला तळ आरशासारखा करून उठेल, त्या दिवशी तिच्या शब्दाला धार येईल. आणि दुसरे असे की, शहर म्हणजे परके कोण? आज पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडला राहणारे, कारखान्यात नोकरी करणारे, लहानसे वर्कशॉप चालवणारे हजारो माळकरी आहेत. गळ्यात माळ आहे आणि आपल्या वर्कशॉपच्या मोरीचे पाणी कोठे जाते ते ठाऊक नाही, असे असेल तर कापराचा दृष्टान्त आपल्याला लागू झाला नाही असे समजावे.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती सांगताना जीभ जड होते, पण ती सांगितल्यावाचून या विषयाचे निरूपण पुरे होणार नाही.

२०११ च्या जनगणनेत पंढरपूरची वस्ती सुमारे लाखभर होती. आषाढीला तेथे दहा लाखांच्या वर माणूस लोटते. एका घरात दहा घरांचे पाहुणे उतरावेत तसे हे झाले. पूर्वी अशा गर्दीत पटकी येत असे. एकोणिसाव्या शतकात पंढरीच्या यात्रेत पटकीने किती जीव गेले असतील त्याची गणती नाही. दर्शनाला निघालेला माणूस घरी परतलाच नाही, असे घडत होते. आज ती भीती पुष्कळ उणी झाली. परंतु यात्रा पांगल्यावर वाळवंटात आणि नदीकाठी जे पडून राहते ते कोणी तरी उचलतेच ना? ते उचलणारे हात कोणाचे?

हाताने मैला उचलायला माणसाला लावू नये, असा कायदा या देशात १९९३ साली झाला आणि २०१३ साली तो अधिक कडक झाला. तरीही वारीनंतर पंढरीत सफाई कामगारांवर ही वेळ येते, हा प्रश्न मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे गेला आणि २०१४-१५ च्या काळात न्यायालयाने पंढरीतल्या सोयीसंबंधी आदेश दिले. त्यानंतर शौचालये वाढली, नदीपलीकडे पासष्ट एकरांच्या जागेत यात्रेकरूंच्या उतरण्याची सोय झाली. चांगले झाले. पण सज्जनहो, वारकऱ्यांच्या घाणीचा निवाडा न्यायालयाला करावा लागला, याचे आपल्याला काही वाटले पाहिजे.

आपल्या संप्रदायात चोखोबाराय आहेत. त्यांच्या वाट्याला जगाने कोणते काम दिले होते ते तुम्ही जाणता. त्यांना राउळाच्या आत येऊ दिले नाही. त्यांची समाधी महाद्वारापाशी आहे आणि आपण तिला डोके टेकवून मग आत जातो. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरीत उपोषण केले आणि राउळाचे दार सर्वांना उघडले. दार तर उघडले. पण आपण दर्शन घेऊन निघून गेल्यावर ज्यांना आपली घाण उपसावी लागते ते बहुतेक त्याच वाड्यांतले, त्याच घरांतले आहेत, ज्यांना तेव्हा बाहेर ठेवले होते. समाधीला नमस्कार करायचा आणि त्यांच्याच लेकरांच्या हाती आपला मैला ठेवून गावी यायचे, या दोन गोष्टी एका मनात कशा राहतात? वाटेने आपण एकमेकांना माउली म्हणतो, पायांवर डोके ठेवतो. मग आपल्या मागून झाडू घेऊन येतो तो माउली नव्हे काय?

गाडगेबाबांनी हे फार आधी ओळखले होते. १८७६ साली विदर्भात जन्मलेला हा महात्मा १९५६ साली देह ठेवीपर्यंत हातात खराटा घेऊन हिंडला. दिवसा गावाचे रस्ते झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे. पंढरीत त्यांनी चोखोबांच्या नावाने धर्मशाळा उभारली, ती ज्यांना कोठेही आसरा मिळत नव्हता त्यांच्यासाठी. त्यांच्या नावाने राज्यात २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि पुष्कळ गावांनी त्यात भाग घेतला. आम्ही कीर्तनकार मंडळी त्यांची गोष्ट रंगवून सांगतो, टाळ्या पडतात. खराटा मात्र गोष्टीतच राहतो.

तथापि सगळे वाईटच आहे असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. गेल्या दहा-बारा वर्षांत वाट पालटली आहे. पालखीतळांवर फिरती शौचालये लागतात. निर्मल वारीचे स्वयंसेवक, महाविद्यालयांतली मुलेमुली पहाटे चारला उठून तळावर उभी राहतात आणि म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून, "माउली, इकडे सोय आहे, इकडे या," म्हणून नेतात. 'पर्यावरणाची वारी, पंढरीच्या दारी' हे नाव घेऊन शाहीर आणि कलावंत वाटेने जागृती करीत चालतात. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांना आणि थर्माकोलच्या ताटल्यांना बंदी आली, तेव्हा पुष्कळ दिंड्या पुन्हा पानांच्या पत्रावळीकडे वळल्या.

पालखीमार्गावरल्या एका गावी एका शेतकऱ्याच्या घरी उतरलो असता त्यांच्या घरची म्हातारी आई म्हणाली, "महाराज, राग मानू नका. माउली येणार म्हणून आम्ही आठ दिवस आधी सडासारवण करायचो. अन् माउली गेल्यावर पंधरा दिवस बांधाकडं जायला नको वाटायचं. नाकाला पदर लावून खुरपायचं." मी विचारले, "आणि आता?" तर म्हणाली, "आता गाड्या लागतात. पोरंपोरी येत्यात झाडायला. यंदा तिसऱ्या दिवशी रानात गेले बघा." मग हळूच म्हणाली, "अन् बाया बी दिवसभर पाणी पित्यात आता." ते शेवटचे वाक्य नीट ऐका. आपल्या मायबहिणी डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन उन्हात चालत होत्या आणि आडोसा नाही म्हणून तहान मारीत होत्या. अंधार पडायची वाट पाहत होत्या. एका शौचालयाने त्यांची केवढी तपश्चर्या सोडवली! हा परोपकार अन्नदानापेक्षा उणा मानू नये.

आता तिसरी शंका राहिली. "वारी शेकडो वर्षांची. तिच्यात हे नवे नियम कशाला घुसडता?" तर ऐका. हल्ली माउलींच्या पालखीचा जो सोहळा आपण पाहतो, दिंड्यांचा क्रम, रथापुढे किती आणि मागे किती, कोणी कोठे चालावे, भजन कसे व्हावे, ही शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी लावून दिली. त्यांच्या काळी ती नवीच होती. आज तीच परंपरा झाली. चांगला नियम भक्तीने धरला म्हणजे दोन पिढ्यांत तो परंपरा होतो. शिवाय शौच हा काही नवा नियम नव्हे. पतंजलींनी पाच नियम सांगितले त्यांत पहिला शौच. गीतेच्या सतराव्या अध्यायात शरीराचे तप सांगितले त्यातही शौच आहे. आपण एकादशी पाळतो, माळ पाळतो, मांसमद्य वर्ज्य करतो. त्याच रांगेत शौचाला बसवायचे, एवढेच.

आणि वारीसारखी शिस्त दुसरीकडे कोठे आहे? समाजआरतीच्या वेळी चोपदार आपला दंड उंच करतात आणि क्षणात सारे टाळ-मृदंग थांबतात, लाखांचा समुदाय चिडीचूप होतो. कोणाचे काय हरवले, कोणाला काय सापडले, ते तेथे पुकारतात. सापडलेली वस्तू परत करण्याची ही रीत आपली आहे. ज्या समुदायाला एक दंड उंच होताच गप्प होता येते, त्याला उठताना आपली पत्रावळ उचलता येणार नाही, हे मला पटत नाही.

म्हणून फडकरी, विणेकरी आणि दिंडीचालक यांच्यापुढे हात जोडून काही गोष्टी ठेवतो.

पहिली गोष्ट, ज्याने त्याने आपले ताट, वाटी आणि तांब्या बरोबर न्यावा. आपले आजे-पणजे पडशीत तांब्या घालूनच निघत. हिशेब करून पहा. एक लाख माणसांनी दिवसाला दोन ताटल्या टाकल्या तर अठरा दिवसांत छत्तीस लाख ताटल्या होतात. ताट बरोबर असले तर एकही होत नाही. मोठ्या पंगतीला पत्रावळ लागलीच तर ती पळसाच्या पानांची घ्यावी, आणि पंगत उठल्यावर वाढप्यांनी जशी वाढली तशीच गोळा करावी. जागेच्या मालकाला विचारून खड्डा करावा, पाने त्यात घालून वर माती लोटावी. त्याच्या शेताला खत होईल. अन्नाविषयी तैत्तिरीय उपनिषदाने व्रतच सांगितले आहे की अन्नाची निंदा करू नये, अन्न अव्हेरू नये. पानात टाकलेले अन्न हा अव्हेरच होय. लागेल तेवढेच वाढून घ्यावे.

दुसरी, बहिर्दिशेला जायचे ते नेमलेल्या शौचालयातच. नदीकाठ, ओढा, शेताचा बांध आणि विहिरीची वाट ही चार ठिकाणे वर्ज्य समजावीत. शौचालयाला रांग असते, ताटकळावे लागते, हे खरे. दर्शनबारीत आपण तासन्‌तास उभे राहतोच. तिसरी, नदीत स्नान करावे ते बुडी मारून. साबण, धुणे आणि भांडी नदीबाहेर. स्नानानंतर अंगावरचे जुने वस्त्र पात्रात सोडून देण्याची चाल काही ठिकाणी आहे. ते वस्त्र धुऊन एखाद्या गरजवंताला द्यावे, चंद्रभागेला लुगड्या-धोतरांचा भार नको. चौथी, तळावरून पालखी उठण्याआधी दिंडीने पाव घटका तळ झाडावा. एकाने अभंग म्हणावा, बाकीच्यांनी झाडावे. त्यात वयाचा, मानाचा, जातीचा अपवाद नसावा. विणेकऱ्याच्या गळ्यात वीणा आहे, त्याला सोडा. महाराजांना मात्र सोडू नका.

झाडांविषयीही बोलले पाहिजे. तुकोबारायांनी भंडाऱ्याच्या डोंगरावर झाडावेलींना आप्त मानले. माउलींच्या सोहळ्यातले पहिले उभे रिंगण होते त्या जागेचे नावच चांदोबाचा लिंब; झाडाच्या नावाने आपले तीर्थ ओळखले जाते. पालखीमार्ग मोठा करण्याच्या कामाची पायाभरणी २०२१ च्या नोव्हेंबरात झाली. रस्ता रुंद झाला, चालणे सोपे झाले, पण वाटेवरचे कितीएक जुने वड गेले आणि विसाव्याला सावली राहिली नाही. म्हणून पुष्कळ दिंड्या आता रोपे लावतात. लावा, पण लावून टाळी वाजवून पुढे जाऊ नका. आषाढात लावलेल्या रोपाला वैशाखात पाणी घालणारा कोणी पाहिजे. ज्या गावी मुक्काम, त्या गावच्या भजनी मंडळाच्या हवाली ती रोपे करावीत आणि पुढल्या वर्षी येताना त्यांची विचारपूस करावी. पन्नास लावून मोडण्यापेक्षा पाच जगवावीत. तशीच वाळवंटाची काळजी. वाळू उपशाने चंद्रभागेत खड्डे पडले तर स्नानाला उतरलेल्याच्या जिवावर बेतते. आणि वाळूच गेली तर नामदेवरायांनी जेथे कीर्तन केले ते वाळवंट आपण नातवंडांना कोठे दाखवणार?

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, यात देव कोठे आला? तर देव जेथे उभा आहे तेथेच आला. पुंडलीक आईबापांची सेवा करीत होता. देव दाराशी आला तरी त्याने सेवा सोडली नाही. हाताशी वीट होती ती पुढे केली आणि म्हणाला, थांब. देव थांबला, आणि अजून थांबला आहे. सेवेसाठी देवाला थांबवता येते, आणि देव त्याने संतोषतो, हाच तर आपल्या क्षेत्राचा महिमा. मग तळ झाडण्यात पाव घटका गेली, दर्शनबारीतला नंबर दहा माणसांनी मागे गेला, तर विठोबा रागावेल असे ज्याला वाटते त्याला पंढरी अजून कळली नाही.

पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो. आपण एकमेकांच्या मुखात काला घालतो आणि परत फिरतो. चंद्रभागा मात्र परतत नाही. ती पुढे कर्नाटकात जाते, तेथल्या गावांची तहान भागवते आणि रायचूरच्या वरच्या अंगाला कृष्णेला मिळते. आपण तिच्या हवाली जे केले ते ती तेथवर नेते. त्या गावांतही विठ्ठलाचे भक्त आहेत, लेकरे आहेत, घागर घेऊन नदीवर येणाऱ्या मायबहिणी आहेत. त्यांच्या घागरीत आपली आठवण कोणत्या रूपाने जावी, याचा ज्याने त्याने येत्या प्रस्थानाच्या आधी विचार करावा, आणि आपल्या दिंडीच्या पहिल्याच बैठकीत हा विषय काढावा, एवढी प्रार्थना करून ही वाक्सेवा संतांच्या चरणी ठेवतो.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल. श्रीज्ञानदेव तुकाराम. पंढरीनाथ महाराज की जय.